स्टिअरिंगचे निमित्त

अमेरिकेच्या जनरल मोटर्सने ‘सबर्बन’ हे मोटारीचे नाव 1935 पासून जिवापाड जपले आहे. ऑस्ट्रेलियात 1978 पासून घरोघरी रुळलेल्या ‘कमोडोर’च्या नशिबी हे भाग्य नव्हते. ते नाव तर गेलेच, 2020 मध्ये त्यामागील होल्डन ही नाममुद्राही याच कंपनीने मोडीत काढण्याचे जाहीर केले. कारण काय, तर उजव्या स्टिअरिंगच्या बाजारपेठा विखुरलेल्या, म्हणून परवडेनाशा! जगाची सुमारे एक तृतीयांश लोकसंख्या याच देशांत राहते, हे जणू व्यवस्थापनाच्या गावीही नव्हते. होल्डनचे कारखाने तगावेत म्हणून ऑस्ट्रेलियन करदात्याने वर्षानुवर्षे अनुदान मोजले होते. त्याचे उतराई होणे ताळेबंदात बसत नसावे.

भारताचा अनुभव याहून बोलका आहे. 2017 अखेर कंपनीने येथील विक्री थांबवली. तळेगावच्या कारखान्यात मात्र मेक्सिकोसाठी डाव्या स्टिअरिंगच्या गाड्या 2020 पर्यंत बनतच होत्या. म्हणजे डावे स्टिअरिंगही त्या कारखान्याला तारू शकले नाही! पुढे कामगारांच्या हाती नारळ पडला. तोच कारखाना घेण्याचा करार 2023 मध्ये ह्युंदाईने केला. तिच्या मायदेशात, कोरियात, गाड्यांचे स्टिअरिंग डावीकडेच असते.