विश्लेषण : ‘खुला ऐच्छिक’ विषय विद्यार्थ्यांना विचार करायला शिकवेल?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या विद्यार्थ्याला आता स्वतःच्या शाखेबाहेरचे विषयही घ्यावे लागतात. चिकित्सक विचार करण्याची सवय लागावी, हा त्यामागचा एक जाहीर हेतू. मात्र दोन श्रेयांक, तीस तासिका आणि चार पर्यायांतून एक निवडायची परीक्षा एवढ्या भांडवलावर हा हेतू साधेल का, हा खरा प्रश्न आहे.

नेमके काय बदलले?

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा नवा आराखडा जाहीर केला. तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० श्रेयांक ठरले आणि त्यातील ९ बहुविद्याशाखीय विषयांसाठी राखले गेले. भाषा, कौशल्य व मूल्यशिक्षणाचे श्रेयांक वेगळे. महाराष्ट्राने २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने आपली रचना ठरवली. तिच्यात ‘खुला ऐच्छिक’ विषय मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यायचा आहे. म्हणजे वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी मानसशास्त्राची ओळख करून घेऊ शकते, तर विज्ञानाचा विद्यार्थी इतिहासाची.

हा प्रयोग नवा आहे का?

नाही. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाने १९१९ मध्ये, पहिल्या महायुद्धानंतर, सर्व विद्यार्थ्यांसाठी समकालीन संस्कृतीचा सामाईक अभ्यासक्रम सुरू केला. लहान गट, मूळ ग्रंथांचे वाचन आणि त्यावर चर्चा ही त्याची पद्धत. हार्वर्डने १९४५ मध्ये सामान्य शिक्षणावर स्वतंत्र अहवाल काढला. भारतात राधाकृष्णन आयोगाने १९४८-४९ मध्येच पदवीला अशा शिक्षणाची जोड द्यावी असे सुचवले होते.

मुंबई विद्यापीठाच्या हजारो पदवीधरांना ‘एफसी’ म्हणजे फाउंडेशन कोर्स आठवत असेल. मानवी हक्क, पर्यावरण, भारतीय समाज असे मोलाचे विषय त्यात होते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशानंतर पर्यावरण हा विषयही पुढे पदवीला सक्तीचा झाला. पण या विषयांचा लौकिक काय राहिला? आदल्या रात्री गाइड चाळायचे आणि गेल्या वर्षीच्या मुलांच्या प्रकल्पाला नवे मुखपृष्ठ लावून तो सादर करायचा. विषयांत खोट नव्हती, तरीही ते ‘पास होण्याचे पेपर’ ठरले.

मग अडते कुठे?

प्रश्नपत्रिकेत. विद्यार्थी अभ्यासक्रमाचा उद्देश वाचत नाहीत, जुन्या प्रश्नपत्रिका पाहतात. ‘चिकित्सक विचाराची पाच वैशिष्ट्ये लिहा’ असा प्रश्न येणार असेल, तर ती पाच वैशिष्ट्ये पाठ होतील आणि विचार करण्याची गरज उरणार नाही.

याउलट हा प्रश्न पाहा. दहावीच्या निकालात कोकण विभाग अनेक वर्षे राज्यात पहिला येतो. ‘यावरून कोकणातील मुले अधिक हुशार आहेत असे ठरते का?’ इथे पाठांतर कामी येत नाही. परीक्षेला किती मुले बसली? या विभागात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे आहेत, मग लाखो परीक्षार्थींच्या मुंबईशी त्याची तुलना कशी करायची? दहावीपूर्वी कितींनी शाळा सोडली? उत्तीर्णांची टक्केवारी आणि गुणवत्ता एकच का? असे प्रश्न विचारता येणे हेच ते कौशल्य. व्हॉट्सअॅपवर आलेला औषधाचा दावा किंवा निवडणुकीच्या भाषणातला आकडा तपासताना हेच उपयोगी पडते.

संशोधन काय सांगते?

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रिचर्ड अरम आणि जोसिपा रोक्सा यांचे ‘अॅकॅडेमिकली अॅड्रिफ्ट’ हे पुस्तक २०११ मध्ये आले. २४ संस्थांतील २,३०० हून अधिक विद्यार्थ्यांच्या चाचण्यांवर ते आधारलेले आहे. महाविद्यालयाच्या पहिल्या दोन वर्षांत सुमारे ४५ टक्के विद्यार्थ्यांच्या चिकित्सक विचार व लेखनात लक्षणीय सुधारणा आढळली नाही. आठवड्याला ४० हून अधिक पाने वाचन आणि सत्रात २० हून अधिक पाने लेखन अशी अपेक्षा असलेले विषय ज्यांनी घेतले, त्यांची प्रगती तुलनेने चांगली होती. थोडक्यात, विषयाच्या नावापेक्षा त्यात किती वाचून-लिहून घेतले जाते, याला महत्त्व आहे.

दोष प्राध्यापकांचा का?

साधा हिशेब करू. वर्गात १२० विद्यार्थी आहेत. प्रत्येकाने सत्रात तीन छोटे निबंध लिहिले आणि एक तपासायला पाच मिनिटे लागली, तर १,८०० मिनिटे म्हणजे ३० तास होतात. दोन श्रेयांकांच्या विषयाच्या तासिकाही तेवढ्याच, तीस. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करायचे असते. तपासणीचे हे तास त्यात धरले जात नाहीत. राज्यात प्राध्यापकांची हजारो पदे रिक्त आहेत आणि अनेक विषय तासिका तत्त्वावरील शिक्षक सांभाळतात. त्यांना पैसे मिळतात ते घेतलेल्या तासिकांचे. अशा स्थितीत बहुपर्यायी प्रश्न हा सर्वांनाच सोयीचा मार्ग वाटतो. कोणता ऐच्छिक विषय द्यायचा हेही अनेकदा विद्यार्थ्यांच्या कलापेक्षा कोणाचा कार्यभार कमी पडतो यावर ठरते.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे काय फरक पडला?

घरी लिहून आणायचा निबंध आता मोबाइल काही सेकंदांत लिहून देतो. त्यामुळे लेखनच नको, असे म्हणणे चुकीचे ठरेल. वर्गातच वीस मिनिटांत लिहून घेणे आणि लिहिलेल्यावर तोंडी दोन प्रश्न विचारणे, हा उपाय हाताशी आहे. मोबाइलने दिलेल्या उत्तरातील चुका शोधा, हाही उत्तम स्वाध्याय होऊ शकतो.

काय करता येईल?

पहिले, या विषयांच्या परीक्षेत निम्मे गुण न पाहिलेल्या मजकुरावर ठेवावेत. बातमी, जाहिरात किंवा तक्ता द्यावा आणि त्यातला दावा तपासायला सांगावा. दुसरे, तपासणीचे तास कार्यभारात धरावेत आणि या विषयांच्या तुकड्या लहान ठेवाव्यात. तिसरे, महाविद्यालयांनी ऐच्छिक विषयांची लांबलचक यादी देण्यापेक्षा मोजकेच विषय द्यावेत, पण ते नीट शिकवावेत.

यासाठी खर्च येईल, हे खरे. तो टाळला तर नव्या नावाची ‘एफसी’ तेवढी तयार होईल. गुणपत्रिकेवर श्रेयांक जमा होतील, पण समोर आलेल्या दाव्याला ‘कशावरून?’ असे विचारण्याची सवय मात्र लागणार नाही.