रीस्टार्ट केला, झालं!

सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटात झालं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. हा लेख इंग्रजी विभागाला दिला असता तर आमच्या मजल्यावरच्या निम्म्या मुलींनी वाचलाच नसता, आणि मला तर त्यांनाच सांगायचंय.

आमच्या लेडीज हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये एक सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे काय, लॅबमधून बाद झालेला पीसी आणि त्यावर लिनक्स! रात्री साडेनऊनंतर आम्हाला लॅबला जाता येत नाही, त्यामुळे नोट्स, जुने पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट सगळं त्यावरच. तो आजारी पडला की औषध एकच, रीस्टार्ट. गेल्या सेमिस्टरला दर दोन-तीन आठवड्यांनी 'डिस्क फुल' असा मेसेज यायचा, बटण दाबलं की जागा परत मोकळी. कशी काय? कुणी विचारलं नाही. मीही नाही, आणि सर्व्हर सांभाळायचं काम माझ्याकडेच होतं.

सबमिशनच्या आदल्या रात्री तो पुन्हा अडला. दोघींच्या रिपोर्टची फाईल अर्धवटच सेव्ह झाली. बटणाकडे चार हात गेले. मी पहिल्यांदाच "थांबा" म्हटलं आणि भरपूर बोलणी खाल्ली. 'डीएफ' कमांड म्हणत होती, डिस्क शंभर टक्के भरलीय. 'डीयू'ने फोल्डरांची बेरीज केली तर निम्मीसुद्धा नाही. मग बाकीची जागा गेली कुठे?

लिनक्समध्ये फाईल डिलीट केली की तिचं नाव जातं, पण एखादा चालू प्रोग्रॅम ती उघडून बसला असेल तर जागा सुटत नाही. दारावरची पाटी काढली तरी भाडेकरू आत राहतोच, तसं! 'एलएसओएफ'ने तो भाडेकरू दाखवला. वेब सर्व्हरची भली मोठी लॉग फाईल, पुढे 'डिलीटेड' असा शिक्का. जागा वाचावी म्हणून रोज रात्री लॉग उडवणारी ओळ क्रॉनमध्ये कुणी घातली होती? मीच! फक्त वेब सर्व्हर बंद करून चालू केला, ती ओळ काढून 'लॉगरोटेट' लावलं. पाच मिनिटांचं काम. दोघींपैकी एकीकडे पेनड्राईव्हवर कॉपी होती. दुसरी पहाटे चारपर्यंत टाईप करत बसली, आणि तिच्यासमोर जाऊन "चूक माझी होती" हे सांगणं लिनक्सपेक्षा अवघड गेलं.

माझा राग रीस्टार्टवर नाही, तो कधी कधी करावाच लागतो. पण आधी काही न बघता बटण दाबणं म्हणजे पंचनाम्याआधीच जागा धुऊन काढणं. आणि ही सवय आपल्याला जर्नलनेच लावली, असं माझं स्पष्ट मत आहे. (सर, मॅडम, रागावू नका.) आपल्या जर्नलमध्ये एकही प्रयोग फसत नाही. फसला की सीनियरची रीडिंग्ज छापायची आणि सही घ्यायची!

गिटलॅब कंपनीचं उदाहरण घ्या. ३१ जानेवारी २०१७ ला तिथल्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हरऐवजी चुकून मुख्य सर्व्हरवरचा डेटा उडवला. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरला. रोजचा बॅकअप बघितला तर तो होतच नव्हता. डेटाबेसचं व्हर्जन जुळत नसल्यामुळे कमांड फेल जात होती, आणि तसं कळवणाऱ्या ईमेलही पोचत नव्हत्या. सहा तास आधी घेतलेली एक कॉपी होती म्हणून निभावलं. पण त्यांनी काहीच झाकलं नाही. दुरुस्ती यूट्यूबवर लाईव्ह दाखवली, आणि बॅकअप तपासायची जबाबदारी कुणाकडेच नव्हती हेही अहवालात लिहिलं. आपल्याकडे असं घडलं असतं तर आधी "कोणी केलं?" हाच प्रश्न आला असता, आणि मग पुढच्या वेळी कोण कशाला खरं सांगेल?

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक सर्व्हरशेजारी एक रजिस्टर ठेवा. बटण दाबण्याआधी त्यात तारीख, वेळ, आलेला मेसेज, लॉगच्या शेवटच्या वीस ओळी आणि स्वतःचं नाव लिहायचं. महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाईल खरोखर उघडून बघायची. आणि स्टाफने या पानांना टर्मवर्कचे मार्क द्यावेत, फसलेल्या पानांनासुद्धा.

आमच्या रेक्टर मॅडमनी दोनशे पानी रजिस्टर दिलंय. पहिली नोंद माझ्या क्रॉनची आहे. दुसरी परवाची, वळणदार अक्षरात: "सर्व्हर बंद. कारण: इस्त्रीसाठी मी प्लग काढला होता."