भंगारातील जिवंत गोळा

आळेफाट्यावरून कल्याण–अहिल्यानगर मार्गाने पूर्वेस निघाले की बेल्हे मागे पडते आणि थोड्याच वेळात पारनेर तालुका लागतो. पुढे नगर, पारनेर व राहुरी या तीन तालुक्यांत लष्कराचे के. के. रेंज हे सराव क्षेत्र पसरले आहे. तेथे कोणतेही युद्ध झालेले नाही. तरीही खारे कर्जुनेसारख्या लगतच्या गावाने न फुटलेल्या गोळ्यांपायी माणसे गमावली आहेत.

हा मृत्यू बहुधा सराव चालू असताना येत नाही. रानातून वेचलेले तुकडे फोडून तांबे-पितळ वेगळे काढताना तो येतो. तोफगोळ्याच्या बुडाकडील भागावर तांब्याचा पट्टा असतो, त्याला चांगला भाव मिळतो, आणि हाताशी छिन्नी-हातोडी असतेच. मऊ मातीत शिरलेल्या गोळ्याचा फ्यूज पुष्कळदा अर्ध्यावर अडकून राहतो, मग एखादा लहानसा धक्काही पुरतो. बाहेरचे पोलाद गंजते. आतील टीएनटी मात्र पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि दशकानुदशके शाबूत राहते. गंजला म्हणजे मेला, हा हिशेब येथे लागू पडत नाही.

मुंबईकरांना हे निराळे सांगावयास नको. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापसाच्या गासड्यांना आग लागली आणि त्याच जहाजातील सुमारे १,४०० टन स्फोटकांनी गोदी उद्ध्वस्त केली. (कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात भरणाऱ्यांच्या बुद्धीस काय म्हणावे!) त्या जहाजावर सोन्याच्या लगडीही होत्या. पुढे कित्येक वर्षे बंदरातील गाळ उपसताना लगडी सापडत राहिल्या, आणि तोफगोळेही. २०११ सालीसुद्धा एक जिवंत गोळा वर आला.

विषारी वायूंची गोष्ट याहून दीर्घ आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो टन रासायनिक शस्त्रे बाल्टिक समुद्रात बुडविण्यात आली. जाळ्यात मासळीबरोबर आलेल्या मस्टर्डच्या गोळ्यांनी तेथील कोळी भाजले आहेत. भारताने आपला जाहीर केलेला साठा २००९ साली पूर्णपणे नष्ट केला, ही समाधानाची बाब होय. मात्र नष्ट करण्याचे कामही निर्धोक नसते. वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा नष्ट करण्यासाठी उतरवीत असताना स्फोट झाला आणि सहा जण दगावले.

व्यापारी बांधवांचा संबंध येथे येतो. सप्टेंबर २००४ मध्ये गाझियाबादजवळ साहिबाबादच्या पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारातील गोळा फुटून दहा कामगार मरण पावले. त्यानंतर सरकारने नियम कडक केले: तुकडे न केलेले धातूचे भंगार आयात करावयाचे, तर जहाजावर चढविण्यापूर्वीच त्यात दारूगोळा नाही असे तपासणीचे प्रमाणपत्र हवे. पण गावच्या वजनकाट्यावर पोत्यातून येणाऱ्या मालाला असले प्रमाणपत्र कोण मागतो? शस्त्रांचा व विषाचा व्यापार आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वर्ज्य मानला आहे. भंगाराच्या पोत्यातून तो आडवाटेने पेढीवर येऊ शकतो. पितळी पुंगळ्या आणि तांब्याचे पट्टे विकत घेणारा आहे, म्हणूनच रानात ते वेचणारा आहे. वेचणारा पोटासाठी जातो. त्याला दोष देऊन आपण मोकळे होणे मला तरी पटत नाही. भट्टीवरचा आणि कटरवरचा कामगारही आपलाच असतो.

काट्यावर असा माल आला तर भाव करू नये, तो परतही पाठवू नये. परतलेले पोते दुसऱ्या दुकानी जाईल. वस्तू आहे तेथेच राहू द्यावी, माणसे दूर न्यावीत आणि ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे. बॉम्बशोधक व नाशक पथक ते बोलावतात. गोळा स्वतः उचलून मोटारसायकलवरून ठाण्यात नेऊन देण्याची भलाई कोणी करू पाहील, त्यालाही थांबवावे.