पदर पसरण्याआधी



गेल्या अंकानंतर आलेल्या पत्रांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला आहे. केंद्र चालवायला पैसे आणायचे कुठून? मराठवाड्यातल्या एका गटाने सरळच लिहिले आहे: आमच्याकडे आठवड्याला दहाबारा बाया येतात, जागेचे भाडे चार महिने थकले आहे, आणि कोणीतरी सांगितले की मुंबईत एका मोठ्या घराण्याचा ट्रस्ट आहे, तिथे अर्ज टाका. अर्ज कसा टाकायचा, कोणाला भेटायचे, काय लिहायचे, ते कळवा. एकेकीला पत्राने उत्तर देण्यापेक्षा इथेच लिहावे असे मंडळाच्या बैठकीत ठरले. कारण हा प्रश्न त्या गटाचा आहे तसा आमचाही आहे.

आपल्यातल्या जुन्या मैत्रिणींना ऐंशीच्या दशकातले वाद आठवत असतील. 'फंडिंग' घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या अशा दोन पंक्ती बसत. वर्गणी, कूपने, दिवाळीत फराळाचा स्टॉल, जमलेल्या पैशांत पोस्टर आणि मोर्चा. त्या हट्टाने आपल्याला ताठ कणा दिला हे खरे. पण पोस्टर वर्गणीत निघते, समुपदेशन केंद्र वर्गणीत चालत नाही, हेही त्याच वर्षांत कळून चुकले. रोज अकरा ते पाच दार उघडे ठेवायचे तर तिथे बसणाऱ्या बाईच्या घरीही चूल पेटली पाहिजे.

मग परदेशी निधी आला. बहुतेक लहान गटांना तो थेट मिळत नसे, मोठ्या संस्थेमार्फत मिळे. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवायला पूर्ण बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर उतरली. तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत काम करणाऱ्या कितीतरी गटांचे पाणी त्या एका दुरुस्तीने तोडले. तेव्हापासून देशातल्या देशात पैसा देणारी दारे शोधणे भाग पडले, आणि त्यांत धनिक घराण्यांचे ट्रस्ट आणि प्रतिष्ठाने आली.

यात नवे काहीच नाही. कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी आईच्या स्मरणार्थ १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव लागले. आज आपण एसएनडीटी म्हणून मोकळ्या होतो. निदान ते नाव एका बाईचे आहे, एवढे समाधान! पंडिता रमाबाईंनी तर त्याआधीच आजच्या कुठल्याही संस्थेने हेवा करावा असा करार मिळवला होता. १८८७ मध्ये बोस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने त्यांना सलग दहा वर्षे मदतीचे वचन दिले आणि त्या जोरावर १८८९ मध्ये शारदा सदन उभे राहिले. १८९३ साली धर्मांतराच्या आरोपावरून वादळ उठले, पुण्यातल्या सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतले, पालक मुली घेऊन गेले. तरीही सदन टिकले, त्यामागे त्या दहा वर्षांच्या वचनाचा मोठा आधार होता. आज एका वर्षाचे अनुदान हातात पडले की आपण पेढे वाटतो आणि अकराव्या महिन्यात पुन्हा दारोदार फिरतो.

आता मुद्द्याचे. ट्रस्ट म्हणजे घराण्यातल्या कोणा माणसाची मर्जी, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. ट्रस्ट एका दस्तऐवजाने बांधलेला असतो. त्यात लिहिलेल्या उद्दिष्टांपलीकडे विश्वस्तांना इच्छा असली तरी जाता येत नाही. लेडी मेहेरबाई टाटा यांचे उदाहरण घ्या. त्या स्वतः स्त्रियांच्या हक्कांसाठी झटलेल्या, बालविवाह रोखणाऱ्या सारडा कायद्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या. १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने स्मारक ट्रस्ट झाला, तो त्याच रोगाच्या संशोधनासाठी. मेहेरबाईंचे नाव पाहून कोणी तिथे कौटुंबिक हिंसेच्या कामासाठी अर्ज केला तर नकार ठरलेलाच, आणि त्यात विश्वस्तांचा दोष नाही. उलट सर रतन टाटा ट्रस्ट (१९१९) किंवा सर दोराबजी टाटा ट्रस्ट (१९३२) यांसारख्यांची उद्दिष्टे पुष्कळ रुंद आहेत. तेव्हा पहिले काम अर्ज लिहिण्याचे नाही, वाचण्याचे आहे. महाराष्ट्रातला सार्वजनिक ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो, त्याच्या नोंदीची नक्कल रीतसर अर्ज करून मागता येते. ट्रस्टचे वार्षिक अहवाल पाहा. गेल्या तीन वर्षांत त्यांनी कोणाला, किती आणि कशासाठी दिले, हे पाहा. आजवर ज्यांनी फक्त शाळांच्या इमारती बांधून दिल्या, त्यांच्यापुढे पहिल्याच भेटीत संकटग्रस्त स्त्रियांचा आसरा ठेवून वेळ घालवू नका. ज्यांना त्यांनी मदत केली त्या संस्थेतल्या एखाद्या ताईला मात्र जरूर फोन करा. ती जे सांगेल ते कुठल्याही अहवालात छापलेले नसते.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. त्याच घराण्याची कंपनी आणि त्याच घराण्याचा ट्रस्ट या दोन वेगळ्या खिडक्या आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. तो पैसा कायद्याच्या यादीत बसणाऱ्या प्रकल्पालाच मिळतो, आणि एप्रिल २०२१ पासून त्यासाठी संस्थेकडे वेगळा नोंदणी क्रमांक असावा लागतो. घराण्याच्या ट्रस्टवर हे बंधन नाही. त्याच्या दस्तऐवजात बसत असेल तर तो भाडे देऊ शकतो, पगार देऊ शकतो, वकिलाची फी देऊ शकतो, नुसते 'संस्था टिकावी' म्हणूनही देऊ शकतो. म्हणून तर त्याच्याकडे जायचे. तिथे जाऊन कंपनीला द्यावा तसा 'एवढ्या शिलाई मशिन, एवढ्या लाभार्थी' असा अर्ज ठेवणे म्हणजे गंगेवर जाऊन नळाखाली आंघोळ करणे.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात, कारण ते कंटाळवाणे आहे पण तिथेच घोडे अडते. नोंदणीचा दाखला, घटना, तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब, पॅन, आणि आयकराची ती नोंदणी, जिला आपण सवयीने बारा-ए आणि ऐंशी-जी म्हणतो. २०२१ पासून ही नोंदणी कायमची राहिलेली नाही, ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. कित्येक संस्थांना हे पैसे मंजूर झाल्यावर कळले! विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. आपल्याकडे एखादी ताई वारून सहा वर्षे झाली तरी कागदावर खजिनदार असते. प्रेमापोटी असेल, पण ट्रस्टच्या कार्यालयाला ते प्रेम समजत नाही. परदेशात असलेल्या नातेवाइकांकडून मदत मिळणार असेल तर एवढे लक्षात ठेवा: भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी ठरत नाही. तिकडचे नागरिकत्व घेतले असेल तर मात्र ठरते, मग तो आपला सख्खा भाऊ का असेना.

पहिले पत्र एका पानाचे असावे. आम्ही कोण, कुठे काम करतो, काय करतो, किती पैसे कशासाठी आणि किती वर्षे हवेत, बस्स. चाळीस पानांचा प्रस्ताव कोणी न मागता पाठवू नका. विश्वस्तांची बैठक वर्षातून मोजक्या वेळा होते, ती कधी असते ते कार्यालयात विचारा आणि त्याआधी दोनतीन महिने पत्र पोचू द्या. भेटीला दोघीजणी जा, त्यांपैकी एक रोज केंद्रात बसणारी असू द्या. अध्यक्षबाईंना आकडे सांगता येतात, पण रात्री साडेदहाला पोलीस ठाण्यात काय होते ते तिलाच सांगता येते.

अंदाजपत्रकाबद्दल मात्र आम्हाला तुमच्याशी भांडायचे आहे. गेल्या काही महिन्यांत सल्ल्यासाठी आमच्याकडे आलेल्या प्रस्तावांत एक गोष्ट सगळीकडे दिसली. शिबिराचे जेवण आहे, फलकाचा खर्च आहे, पाहुण्यांचा प्रवास आहे. आणि पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्तीपुढे 'मानधन' म्हणून असा आकडा आहे, की किमान वेतनाच्या आंदोलनात आपणच त्याविरुद्ध घोषणा दिल्या असत्या. सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात उरेल ते स्वतः खायचे, ही घरातली सवय आपण संस्थेत आणली आहे. पगार लिहा. भविष्यनिर्वाह निधी लिहा. बाळंतपणाची रजा, ऑडिटची फी, वीजबिल, सगळे लिहा. एवढे कशाला असे कोणी विचारलेच, तर तुमच्या कार्यालयात हे खर्च कोण भरते, असे नम्रपणे विचारता येते.

आता जे सांगायचे आहे ते सांगायला आम्हाला जड जाते. पण ते टाळले तर हा लेख अपुरा राहील.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका घराण्याच्या ट्रस्टकडे गेलो होतो. नाव देत नाही, कारण चूक त्यांच्यापेक्षा आमची जास्त होती. भेटीत लक्षात आले की विश्वस्त मंडळींना 'घर मोडणाऱ्या बायका' नको आहेत. परत येताना गाडीत आमच्यातलीच एक म्हणाली, शब्दच बदलायचा आहे ना, बदलू. 'हिंसाग्रस्त स्त्रियांना आधार' खोडून आम्ही 'कौटुंबिक सलोखा केंद्र' लिहिले. पैसे आले. काम तेच करणार आहोत, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली. सहा महिन्यांनी अहवालाचा नमुना आला. त्यात एक रकाना होता: किती कुटुंबे पुन्हा जोडली? पहिल्या वेळी आम्ही हसलो. दुसऱ्या वेळी आकडा कमी म्हणून पत्र आले. त्यानंतर कोणी कोणाला काही सांगितले नाही, ठराव झाला नाही, पण समोर बसलेल्या बाईला 'एकदा बोलून बघूया का त्यांच्याशी' हे वाक्य आम्ही लवकर, फार लवकर बोलू लागलो. त्या वर्षी नांदायला परत पाठवलेल्या एकीने जाताना विचारले होते, "ताई, तुम्हालाही असंच वाटतं का?" आम्ही तडजोडीच्या कागदावर तिची सही घेतली. दीड महिन्याने ती परत आली तेव्हा तिचा उजवा हात भाजलेला होता. आमच्या अहवालात तोवर ती 'जोडलेले कुटुंब' म्हणून मोजली गेली होती.

त्या रकान्याने आम्हाला हुकूम दिला नव्हता. आम्हीच आधी शब्द विकला होता.

तो ट्रस्ट आम्ही मुदत संपताच सोडला. नंतर दोन ठिकाणी आमचे काम स्पष्ट शब्दांत मांडले: बाई सांगेल तो निर्णय, मग तो घटस्फोटाचा का असेना, आम्ही तिच्या बाजूने उभ्या राहतो. एकीकडे नकार मिळाला, चहा मात्र छान होता. दुसरीकडे विश्वस्तांपैकी एक वयस्क बाई बराच वेळ गप्प बसल्या आणि मग त्यांनी आमचे ऑडिट मागितले. तीन वर्षांची मदत मंजूर झाली. हे सांगताना खरे बोलले की पैसे मिळतातच असे आम्हाला सुचवायचे नाही. नकारानंतर आमच्या दोघी कार्यकर्त्यांना चार महिने निम्मा पगार घ्यावा लागला, हेही त्याच हिशेबात आहे.

त्या अनुभवातून आम्ही काही गोष्टी आता पहिल्या भेटीतच बोलून घेतो. अहवालाचा नमुना पैसे घेण्याआधी मागतो आणि त्यातला एकेक रकाना केंद्रात बसणाऱ्यांना वाचून दाखवतो. कोणता आकडा आपले काम वाकवील, ते त्यांना लगेच कळते. ट्रस्टच्या माणसांनी केंद्र जरूर पाहावे, हिशेबाची वही उघडून पाहावी, पण बाई बोलत असताना खोलीत बसू नये. बायांची नावे आणि फोटो द्यायचे नाहीत, कितीही आग्रह झाला तरी. बलात्कार झालेल्या स्त्रीची ओळख छापून उघड करणे तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे. हे कलम सांगितले की आग्रह करणारे बहुधा थांबतात. आणि एकाच घराण्याकडून वर्षाच्या खर्चाच्या निम्म्याहून जास्त घ्यायचे नाही, असा ठराव आम्ही केला आहे. तो पाळणे प्रत्येक वर्षी जमलेले नाही.

नोंदणीच नसलेल्या गटांचा प्रश्न उरतो. ट्रस्ट त्यांना थेट पैसे देत नाहीत. एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली काम सुरू करता येते, पण पैसे कोणाच्या सहीने निघणार आणि माणसे कोण नेमणार, हे आधी लेखी ठरवा. मैत्रीत लेखी कशाला, असे म्हणणाऱ्या दोन गटांची मैत्री आम्ही तुटताना पाहिली आहे.

मराठवाड्यातल्या मैत्रिणींना आम्ही वेगळे पत्र टाकले आहे. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या कार्यालयात प्रस्तावांचे एकत्र वाचन ठेवले आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी आठ दिवस आधी कळवा, म्हणजे जेवणाची सोय करता येईल. येताना संस्थेची घटना, तीन वर्षांचे हिशेब आणि तुम्ही लिहिलेला कच्चा मसुदा घेऊन या. आणि शक्य असेल तर नकाराची जुनी पत्रेही आणा, तीही वाचायची आहेत.

– संपादक मंडळ