बाईला एवढं बळ कशाला?

"मावशी, बाईला एवढं बळ कशाला? तुम्ही वैद्यीण व्हा. आम्ही लढतो, तुम्ही जखमा बांधा."

हे वाक्य माझ्या भाच्याच्या मित्राचं. मुलगा चांगला आहे, शिकलेला, स्वतःचं ताट स्वतः घासणारा. एका रविवारी दुपारी पाच मुलगे आणि मी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळायला बसलो होतो. अनेक मैत्रिणींना हा खेळ ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. प्रत्येकाने एक पात्र घडवायचं. बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि दुसऱ्यावर पडणारी छाप असे सहा गुण. फासे टाकून आकडे काढायचे आणि ते या गुणांना वाटून द्यायचे. एकजण सूत्रधार होतो. तो प्रसंग सांगतो, बाकीचे आपलं पात्र काय करील ते सांगतात, आणि जिथे यशाची खात्री नाही तिथे वीस बाजूंचा फासा निकाल देतो.

माझा सर्वांत मोठा आकडा 17 होता. तो मी बळाला दिला. माझं पात्र पन्नाशीची लोहारीण. त्यावर वरचं वाक्य आलं. वाद नको म्हणून मी वैद्यीण झाले आणि पुढचे तीन तास दर लढाईनंतर पाचजणांच्या जखमा बांधत बसले. घरीही वाढायचं, इथेही वाढायचं!

खरी चीड आली ती शेवटी. साहस सूत्रधाराने आधीच ठरवून आणलं होतं: राजकन्येला दरोडेखोरांनी पळवलंय, तिला सोडवा. वाटेत आम्ही पकडले गेलो. पुरुष पात्रांना त्याने कोठडीत टाकलं. माझ्या पात्राला मात्र म्होरक्याच्या खोलीत नेलं आणि पुढचं वर्णन तो चवीने करू लागला. मी "थांब" म्हटलं. तो मनापासून गोंधळला. म्हणाला, "मावशी, त्या काळात असंच व्हायचं."

कोणत्या काळात? ज्या काळात उडते सर्प आग ओकतात, मंत्राने मेलेला माणूस उठून बसतो, त्या काळात? तिथे सगळं शक्य आहे. पकडलेली बाई अंगाला हात न लागता परत येणं, एवढंच तेवढं अशक्य!

हे त्या मुलाने एकट्याने शोधून काढलेलं नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ अमेरिकेत 1974 मध्ये निघाला. त्याच्या पहिल्या पुस्तिकेचं नावच 'मेन अँड मॅजिक'. 1978 च्या खेळाडूंच्या पुस्तकात बळाची मर्यादा स्त्री-पुरुषांना वेगवेगळी होती. 18 या सर्वोच्च आकड्यावर योद्ध्यासाठी आणखी शंभर पायऱ्या. माणूस जातीच्या पुरुषाने शंभरावी गाठावी, बाईने पन्नासावर थांबावं. 1979 च्या सूत्रधाराच्या पुस्तकात, शहराच्या रस्त्यावर भेटणारी वेश्या कोणत्या प्रकारची, हे फासे टाकून ठरवण्याचं कोष्टक होतं. त्याच वर्षी जीन वेल्स ही स्त्री कंपनीत खेळ रचायला आली. तिने लिहिलेलं साहस 1981 मध्ये छापून झाल्यावर कंपनीने मागे घेतलं आणि दुसऱ्या लेखकाकडून बदलून घेऊन पुन्हा काढलं.

बळाच्या नियमाची बाजू घेणारे म्हणतात, बायका सरासरीने कमी ताकदीच्या असतातच ना? पण तो नियम सरासरीचा नव्हता, कमाल मर्यादेचा होता. सरासरी पुरुषही तलवार घेऊन ड्रॅगनपुढे उभा राहत नाही. असामान्य माणसांच्या या खेळात असामान्य बाईलाच तेवढी वेस घातली होती.

1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत ती वेस काढली गेली. आभाळ कोसळलं नाही. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत तर स्पष्टच लिहिलं आहे की पात्र स्त्री असो वा पुरुष, त्याने विशेष फायदा नाही की तोटा नाही. म्हणजे पुस्तकातून नियम गेला, टेबलावरून गेला नाही. आपल्याला याचं नवल वाटायला नको. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला समान हक्क महाराष्ट्रात 1994 मध्ये आणि देशभर 2005 मध्ये मिळाला. हक्कसोडपत्रांवर बहिणींच्या सह्या अजून होतच आहेत.

चळवळीतल्या मैत्रिणी विचारतात, "पाणी, रेशन, मारहाण सोडून हे ड्रॅगन कुठून काढलेस? निव्वळ खेळ तर आहे!" निव्वळ खेळ? मग भातुकली काय होती? इवल्या चुलीवर खोटा भात रांधत आपण खरा संसार शिकलो. पहिला घास कुणाला, उरलंसुरलं कुणाला, हे कुणी पाटीवर लिहून शिकवलं नव्हतं. त्याच वयात भाऊ अंगणात लाकडी तलवारी घेऊन गड जिंकत होता. हा खेळ त्याच अंगणाचा पुढचा भाग आहे. तिथे आपल्या मुली आता बसू लागल्या आहेत, आणि त्यांनाही जखमाच बांधायला सांगितलं जातंय.

खेळू नका, असं मी म्हणणार नाही. मी म्हणते, खेळा, पण अटी घालून. साहस कोणतं, हे सूत्रधाराने एकट्याने ठरवायचं नाही, सगळ्यांनी बसून निवडायचं. कोणत्या गोष्टी आपल्या गोष्टीत येणार नाहीत, हे फासा हातात घेण्याआधी बोलायचं. कुणाही एकाने "थांब" म्हटलं की थांबायचं, कारण विचारायचं नाही. ज्याचं पात्र त्याने घडवायचं. आणि सूत्रधाराच्या खुर्चीवर आळीपाळीने बसायचं, बायकांनीसुद्धा.

त्या रविवारनंतर मी हे भाच्याला सांगितलं. दोघेजण पुन्हा आले नाहीत. तिघे आले, शेजारच्या दोन मुली आल्या. यावेळी सूत्रधार मी. साहस सर्वांनी मिळून निवडलं: गढीवरच्या सरदाराने गावाचं पाणी अडवलंय, ते सोडवायचं. दोघींपैकी धाकटी सगळा वेळ गप्प होती. गढीचं दार आलं तेव्हा तिने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "मी तोडू?"

मी म्हटलं, "मला काय विचारतेस? फासा टाक."