शाळा लांबवून काय साधणार?

मुलांना नीट वाचता येत नाही अशी ओरड झाली की आपल्याकडे एक रामबाण उपाय ठरलेला आहे: शाळेचे दिवस वाढवा, तास वाढवा. २०२५ साली त्याचा प्रत्यय आला. पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालतील, असे वेळापत्रक राज्यात निघाले. हेतू वाईट नव्हता. परीक्षा लवकर आटोपली की वर्ग ओस पडतात, हे खरेच आहे. पण ज्यांनी ते वेळापत्रक केले, त्यांनी एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात विदर्भातल्या एखाद्या पत्र्याच्या शाळेत तासभर बसून पाहावे. मुलांचे लक्ष पुस्तकापेक्षा पाण्याच्या माठाकडेच असते, आणि त्यात त्यांचा काय दोष?

मुळात वेळ कमी आहे हेच मला पटत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस व ८०० तास, आणि सहावी ते आठवीला २२० दिवस व १००० तास ठरवून दिलेले आहेत. आता वाडीवरची दोनशिक्षकी शाळा घ्या. वर्ग चार, गुरुजी दोन. एका वर्गाला शिकवायचे तर दुसऱ्याला ‘पाढे लिहा’ म्हणून बसवणे आलेच. म्हणजे ८०० तासांतले प्रत्यक्ष शिकवण्याचे फार तर ४०० पदरी पडणार. त्यातच निवडणूक, जनगणना नाहीतर कसली तरी माहिती भरून द्यायची. अशा शाळेला शंभर तास आणखी दिले तर त्यातले पन्नास पाढे लिहिण्यातच जातील. तिथे हवा आहे तो तिसरा शिक्षक. पण शिक्षकाला पगार द्यावा लागतो, तास वाढवायला एक परिपत्रक पुरते!

आणि तास वाढला की तो कोणाच्या तरी घरातून जातो. शाळा पाचऐवजी सहाला सुटली, तर शहरातल्या मुलाची शिकवणी पुढे सरकेल, इतकेच. खेड्यातल्या मुलीची एस.टी. चुकेल. तिला पास मोफत असतो हे चांगलेच आहे, पण गाडी निघून गेल्यावर पास काय कामाचा? दोनचार वेळा ती अंधार पडल्यावर घरी आली की आई काही बोलत नाही, वडील एवढेच म्हणतात, “उद्यापासून राहू दे.”

याच महाराष्ट्रात वेगळा विचार करणारी माणसेही होऊन गेली. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पुढे कोसबाडच्या परिसरात आदिवासी मुले गुरे राखायला जातात, म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसून आले. या बायांनी मुलांना जास्त वेळ डांबून ठेवण्याची योजना आखली नाही. शिक्षणच गुरांमागे कुरणात नेले. तीच कुरणशाळा. मुलाचे कामही शिक्षणाचा भाग होऊ शकते, हे त्यांना ठाऊक होते. आपल्याला मात्र चार भिंतींबाहेर गेलेला प्रत्येक तास वाया गेला असे वाटते.

हे सारे शाळेचे झाले, आपले काय? १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि जुन्या अकरा अधिक चारचे दहा अधिक दोन अधिक तीन झाले. बेरीज पंधराच राहिली. नव्या धोरणाने, २०२४-२५ पासून, आपल्यासारख्या संलग्न महाविद्यालयांतही चौथ्या वर्षाची वाट उघडली आहे. ज्याला एम.ए. करायचे आहे त्याचे काही बिघडत नाही, त्याचे एम.ए. एका वर्षात होईल. आमचे सर म्हणतात, चौथे वर्ष ऐच्छिकच आहे. सरांचे म्हणणे कागदोपत्री बरोबर आहे. पण चार वर्षांची पदवी घेतलेले उमेदवार रांगेत उभे राहू लागले की तीन वर्षांची पदवी अर्धवट वाटू लागणार, अशी मला भीती वाटते. ‘कमवा आणि शिका’मध्ये सकाळी झाडांना पाणी घालून तासाला येणारी आपली मित्रमंडळी घरून तीनच वर्षे मागून आली आहेत. चौथे वर्ष त्यांनी कोणाकडे मागायचे?