गच्चीवरची पेटी की छताला चुना?

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात फिनिक्स नावाचे शहर आहे. ते वाळवंटात वसले आहे. तेथील अनेक घरांच्या छपरांवर पत्र्याची एकेक मोठी पेटी बसवलेली असते. कॉम्प्रेसर, पंखे, गार होणारे वेटोळे आणि गरम होणारे वेटोळे असे सारे सामान त्या एकाच पेटीत असते, आणि गार हवा पत्र्याच्या नळांतून खोल्याखोल्यांत उतरते. हिवाळ्यात हीच पेटी उलट चालवली की घर ऊबदार होते. आपल्याकडे चित्रपटगृहांच्या आणि मोठ्या दुकानांच्या गच्च्यांवर अशा पेट्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांना 'पॅकेज्ड युनिट' म्हणतात.

आता नागपूरचा उन्हाळा वाळवंटाच्या तोडीचा आहे हे कोणी सांगायला नको. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. (मे २०२४ च्या शेवटी ५६ अंशांची बातमी देशभर पसरली होती, पण तो आकडा सदोष संवेदकाचा होता, असे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केले. आकडा छापून आला म्हणजे खरा झाला असे नव्हे!) तेव्हा ऐपत असलेल्या माणसाला वाटते, फिनिक्ससारखी पेटी आपल्याही गच्चीवर चढवावी आणि उन्हाळ्याची कटकट एकदाची मिटवावी.

माझे मत याच्या उलट आहे. नागपूरच्या साध्या घराला ही पेटी मुळीच नको. आधी छताकडे पाहावे, मग कूलरकडे, आणि एसीची पाळी सर्वांत शेवटी यावी. हे मत काटकसरीचे नाही, उष्णतेच्या हिशेबाचे आहे. तो हिशेब तुम्हीही वहीत करून पाहू शकता.

नागपूरचे अक्षांश सुमारे २१ अंश उत्तर. म्हणून २६ मेच्या सुमारास सूर्य दुपारी आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. नेमक्या याच दिवसांत आपल्याकडे नवतपा असतो. सूर्य डोक्यावर असला की भिंतींवर ऊन तिरपे, निसटते पडते. छतावर मात्र ते सरळ आदळते. भर दुपारी दर चौरस मीटरवर सुमारे ९०० वॅट एवढा हा मारा असतो. दहा बाय दहा फुटांच्या खोलीचे छत म्हणजे ९.३ चौरस मीटर. गुणाकार करा: ८ किलोवॅटच्या वर उत्तर येते. दोन टनांचा एसी खोलीतून सुमारे ७ किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे एका लहानशा खोलीच्या छतावर दोन टनी एसीला पुरून उरेल एवढे ऊन पडते! यातली सारीच उष्णता खाली येत नाही. काही परावर्तित होते, काही वारा नेतो. पण काळपट सिमेंटची गच्ची निम्म्याहून अधिक ऊन पिऊन टाकते.

ती प्यायलेली उष्णता जाते कुठे? स्लॅबमध्ये साठते. बारा सेंटिमीटर जाडीचा स्लॅब धरला तर त्या खोलीवरच्या काँक्रीटचे वजन सुमारे २,७०० किलोग्रॅम भरते. त्याचे तापमान १५ अंशांनी वाढले की त्यात सुमारे ३५,००० किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ १० युनिट विजेएवढी उष्णता जमा होते. सूर्य मावळल्यावर स्लॅब ती हळूहळू खाली सोडू लागतो. बाहेर जरा झुळूक आली तरी रात्री दहा वाजता खोलीत भट्टी पेटल्यासारखे का होते, ते आता कळले ना? पूर्वीच्या मातीच्या भिंतींच्या आणि कवेलूच्या घरांत ही गत नव्हती. कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाई.

आता गच्चीवरच्या पेटीचा विचार करू. एसी थंडी निर्माण करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. विहिरीतून पाणी शेंदण्यासारखेच हे काम आहे. विहीर जितकी खोल, तितके कष्ट अधिक. एसीची क्षमता साधारणतः बाहेर ३५ अंश तापमान आहे असे धरून मोजतात. त्या वेळी गार वेटोळे १० अंशांवर आणि गरम वेटोळे ५० अंशांवर आहे असे समजा. फरक ४० अंशांचा. नागपुरात मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात, तेव्हा गरम वेटोळ्याला ६० अंशांवर जावे लागते. फरक झाला ५० अंश. कार्नोच्या नियमाने पाहिले तर आदर्श यंत्राचीही कार्यक्षमता येथे पाचव्या हिश्श्याने घटते; प्रत्यक्षातले यंत्र तर आदर्शाच्या बरेच मागे असते. त्यात ही पेटी ठेवायची कुठे, तर तापलेल्या स्लॅबवर, घरातल्या सर्वांत वाईट जागी. तिचे नळही उन्हातूनच जाणार. शिवाय घर तापवण्याची जी सोय विकत घ्यायची, ती येथे वापरायची केव्हा? २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता खरा, पण अशा रात्री मोजक्याच. त्यांना गोधडी पुरते.

आणि गंमत पाहा! ॲरिझोनात आज जिथे या पेट्या आहेत, तिथे १९३० नंतरच्या काळात सर्रास वापरले जाणारे यंत्र आपल्या कूलरचेच भावंड होते.

कूलरला 'गरिबाचा एसी' म्हणण्याची पद्धत आहे. मला ती आवडत नाही. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते आसपासच्या हवेतून सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषून घेते. ही सुप्त उष्णता. तासाला १० लिटर पाणी उडवणारा कूलर हवेतून सुमारे पावणेसात किलोवॅटने उष्णता काढतो, आणि त्यासाठी पंखा व पंप मिळून सुमारे २०० वॅट वीज घेतो. अर्थात ही सगळी थंडी खोलीच्या वाट्याला येत नाही. तिचा मोठा भाग बाहेरची ४४ अंशांची हवा खाली आणण्यातच खर्च होतो. तरीही दीड किलोवॅटच्या आसपास वीज खाणाऱ्या दीड टनी एसीशेजारी कूलरने मान खाली घालण्याचे कारण नाही.

कूलर हवेला किती गार करील हे ओल्या फुग्याच्या तापमानावर ठरते. दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला मलमलीची ओली चिंधी गुंडाळा आणि दोन्हींना सावलीत पंख्याचा वारा द्या. मे महिन्यात दुपारी कोरडा तापमापक ४४ आणि ओला २४ दाखवील असे समजा. हा २० अंशांचा फरक म्हणजे कूलरचे भांडवल. चांगल्या ताट्यांचा कूलर यातला पाऊण हिस्सा कमावतो, म्हणजे खोलीत येणारी हवा २९ अंशांच्या आसपास असते. पण ताट्यांवर क्षार चढून त्या दगडासारख्या झाल्या, पाण्याची नळी एका बाजूने तुंबली, की कोरड्या पट्ट्यातून गरम वारा तसाच आत येतो. मग लोक मोटर मोठी घेतात. ताट्या बदलणे त्यांना सुचत नाही!

दुसरी चूक दारे-खिडक्या बंद करण्याची. एसीला खोली बंद लागते, कूलरला उघडी. आलेली हवा समोरच्या खिडकीतून बाहेर गेलीच पाहिजे, नाहीतर खोलीतला दमटपणा वाढत जातो आणि अंग चिकट होते. वाळ्याचे पडदे दारावर सोडून त्यांवर पाणी शिंपडणाऱ्या जुन्या माणसांना हे पक्के ठाऊक होते. त्यांचा पंखा म्हणजे बाहेरची लू. तिलाच त्यांनी कामाला लावले होते.

यावर पाण्याचा आक्षेप घेतला जातो, आणि तो खोटा नाही. दहा तास चाललेला कूलर १०० लिटर पाणी उडवतो. उन्हाळ्यात ज्या वस्तीत टँकरची वाट पाहावी लागते, तिथे हा आकडा मोठा आहे. परंतु एसीही पाणी पितोच, फक्त आपल्या नजरेआड. औष्णिक वीजकेंद्रात दर युनिटमागे साधारण तीन लिटर पाणी लागते. दहा तासांचे १५ युनिट धरले तर ४५ लिटर पाणी कोराडी किंवा खापरखेड्याला खर्च झाले. कोराडीला आता भांडेवाडीचे शुद्ध केलेले सांडपाणीही मिळते, ही त्यातली चांगली बाब. म्हणजे पाण्याच्या बाबतीत एसी जिंकतो, पण लोक समजतात तेवढ्या मोठ्या फरकाने नाही. वर कोळसा जळतो तो वेगळाच, आणि घरातली उष्णता गल्लीत फेकली जाते तीही वेगळी. गल्लीत शेजाऱ्याची खिडकी असते.

म्हणून मी छताचा आग्रह धरतो. मार्च सरण्यापूर्वी गच्चीवर चुन्याचे दोन हात द्यावेत. ताजा पांढरा चुना निम्म्याहून बराच अधिक प्रकाश परत पाठवतो. त्याला पाणी लागत नाही, वीज लागत नाही, आणि ज्यांच्या घरी कूलरही नाही त्यांनाही तो परवडतो. टिनाच्या छपराखाली राहणाऱ्या कुटुंबात दुपारी म्हातारी माणसे आणि तान्ही मुले घरातच असतात. उष्माघाताचा धोका त्यांनाच अधिक. पत्र्याला काँक्रीटसारखी साठवण नसते, तो तत्काळ तापतो. तेव्हा पांढऱ्या रंगाचा गुणही तत्काळ दिसतो. अहमदाबादने २०१७ साली वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याची मोहीम घेतली, तेलंगण राज्याने २०२३ साली थंड छतांचे धोरणच जाहीर केले. नागपूरसारख्या शहरात प्रत्येक नव्या गच्चीवर पांढऱ्या फरश्यांचे तुकडे बसवणे सक्तीचे का असू नये?

एसी सर्वथा वाईट असे मी म्हणत नाही. रुग्णालयात तो हवाच, आणि ऑगस्टच्या दमट उकाड्यात आजारी माणसाच्या खोलीतही हवा.

कूलरचा एक धोका मात्र जिवाशी गाठ घालणारा आहे. लोखंडी पत्रा, पाणी आणि वीज एकत्र आली आहेत. मोटरची तार झिजून पत्र्याला टेकली तर सारा कूलर जिवंत तारेसारखा होतो, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या मुलाचा हात त्याला लागतो. विदर्भात दर उन्हाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. तीन पिनांच्या प्लगमधली जाड पिन याचसाठी असते. ती मोडून दोन पिनांवर काम भागवू नका. घराचे अर्थिंग मोठ्या माणसांना तपासून घ्यायला सांगा. ३० मिलिॲम्पियरची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच मिळतो, तो बसवता आला तर उत्तमच. आणि पाणी भरण्यापूर्वी नुसते बटण बंद करून थांबू नका, प्लग काढा.

ओल्या-कोरड्या तापमापकांची नोंद जूनमध्येही चालू ठेवा. पाऊस स्थिरावला की कोरडा ३१ आणि ओला २८ असे आकडे दिसू लागतील. भांडवल तीन अंशांचे, कमाई जेमतेम दोन. त्या दिवशी पंप बंद करावा, टाकी रिकामी करावी आणि तिच्या भिंती आतून ब्रशने खरवडून घासाव्यात. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेलगत चिकटलेली असतात. टाकी कोरडी झाली तरी ती महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरताच फुटतात.